काठाला कच्ची भाकरी

गेल्या गुरुवारी मी एका घरी जेवताना चक्क खोटं बोलले... आणि त्या घरच्या सासूबाईंनी सगळ्यांसमोर मला खोटं पाडलं. तेव्हापासून मी खुशीत आहे.

मी धारूरची. काम पीअर सपोर्ट वर्करचं. हे नाव कुणाच्या तोंडी बसत नाही, म्हणून बाबांच्या किराणा दुकानावर येणारे लोक मला सरळ 'दवाखान्यातली पोरगी' म्हणतात. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. नऊ वर्षांपूर्वी मलाही नसलेले आवाज ऐकू यायचे, मीही पेशंट होते... आता बरी आहे, गोळी चालू आहे, आणि त्याच वाटेवर असलेल्यांच्या घरी जाऊन त्यांना सोबत करते. एवढीच माझी पात्रता.

तर घाटाखालच्या एका गावात सुनीता आहे. नाव बदललंय, आणि लिहू का असं तिला विचारलंय. "लिवा की, पण माज्या भाकरीला नावं ठिवू नका," म्हणाली. ते मात्र जमणार नाही.

आजारात सुनीता एकदा तव्यावरची भाकरी तशीच टाकून, चूल पेटती ठेवून रस्त्याने चालत सुटली होती. नंतर दवाखाना झाला, झोप लागायला लागली, आवाज गेले... पण घरच्यांच्या डोक्यातून तो दिवस गेला नाही. आठ महिने तिला चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं, की एकटीला दाराबाहेर सोडलं नव्हतं.

माणसं वाईट नाहीत हो. उलट फार जपतात. बसल्या जागी ताट, बसल्या जागी पाणी, दोन कपड्यांच्या घड्या घातल्या की "लई छान केल्यास गं." सासूबाई तशा गावात कडक म्हणून प्रसिद्ध. थोरल्या सुनेला दिवसभर टोकतात, पण सुनीताशी लहान लेकरासारखं बोलायच्या.

चार भेटींत सुनीताने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "ताई, मला भाकरी करू द्या म्हणून सांगता का?"

मी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "म्याडम, अन् परत तसंच झालं तर?" परत कधीच होणार नाही, असं मी स्वतःबद्दलसुद्धा लिहून देऊ शकत नाही. मग मी म्हणाले, गुरुवारी मी जेवायलाच येते, चुलीपाशी बसते... नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढणार नाही.

बोलून गेले आणि सुनीताचं उतरलेलं तोंड पाहून भानावर आले. जे तिचं होतं ते मी तिला न विचारता पणाला लावलं होतं. आमच्या कामात याहून मोठी चूक नाही.

गुरुवारी तिने पदर खोचला, परात ओढली. हात थरथरत होते. गोळ्यांनी होतं ते, माझेही व्हायचे. पहिली भाकरी थापतानाच तुटली. पुढच्या दोन कशाबशा तव्यावर गेल्या... जाड आणि एका बाजूला कललेल्या. थोरली जाऊ दारात उभी, सासूबाई भिंतीला टेकून.

एक माझ्या ताटात आली. पिठल्याबरोबर पहिला घास घेतला... काठ कच्चा. पीठ दाताला चिकटलं. आणि मी म्हणाले, "मस्त झालीय."

सुनीताने मान खाली घातली. ते तोंड माझ्या ओळखीचं. दोन वर्षं घरचे माझ्याही प्रत्येक कामाला 'मस्त' म्हणायचे आणि मी अशीच खाली बघायचे. जिच्याकडून कसलीच अपेक्षा नाही तिला लोक असं मस्त म्हणतात... आणि नऊ वर्षांनी मीही तेच केलं. स्वतःचाच राग आला.

सासूबाईंनी दुरडीतल्या दुसऱ्या भाकरीचा काठ मोडून तोंडात टाकला. "काय मस्त? काठाला कच्ची हाय की. अशी भाकर पाव्हण्याच्या ताटात वाढत्यात व्हय?"

वाटलं, गेलं सगळं.

सुनीता तव्यावरची भाकरी उलटत होती. मागे न बघता म्हणाली, "मी काय करू? पिठाला विरीच न्हाई. किती दिसाचं दळण हाय ते. थापाया गेलं की तुटतंय."

तिने सासूला उलट उत्तर दिलं होतं... आठ महिन्यांत पहिल्यांदा. सासूबाईंनी परातीतलं पीठ चिमटीत घेऊन चोळलं. "मग सांगायचं न्हाई का? कावून गप बसलीस? उद्या तूच जा दळण घिऊन. अन् गिरणीत समोर हुबी राहा, न्हाईतर त्यो आपली जवारी दुसऱ्याच्या बाजरीवरच दळतोय."

उद्या... गिरणीला... एकटी. मी चमकून पाहिलं, पण सासूबाई बोलून मोकळ्या झाल्या होत्या. सुनीता "बरं" म्हणून पुढची थापायला लागली होती. ती भाकरी बऱ्यापैकी फुगली.

निघताना दाराशी मी तिला म्हणाले, तुला न विचारता मी ती अट घातली, माझं चुकलं. ती हसली. "अन् कच्ची हाय तर कच्ची म्हणायचं, ताई."

ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, छोट्या छोट्या गोष्टींचं कौतुक करा. करतेच मी. पण त्या दिवशी माझ्या कौतुकाने जे झालं नाही ते सासूबाईंच्या बोलण्याने झालं, हे कबूल करायला हवं. त्यांना ते कळलंही नसेल.

शनिवारी सुनीताचा फोन आला. दळण आणलंय, ताजं आहे, परत जेवायला या म्हणाली.

फोन ठेवून आईला हे सगळं उत्साहाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते असू दे. सकाळी दुधाचं पातेलं उघडं टाकून गेलीस, मांजराने तोंड घातलं. लक्ष कुठं असतं तुझं?"

एरवी मी वैतागले असते... त्या दिवशी तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.