येतो म्हणून गेलेला

माझा मुलगा युरोपात राहतो, हे मी सौंसरपासून मोहगावपर्यंत कोणी न विचारताच सांगून ठेवलं होतं. हंगेरी हा शब्द जिभेवर बसायला मला वेळ लागला, पण एकदा बसल्यावर मी तो भाजी घेतानाही वापरू लागले. अशात सौंसरहून नणंदबाई आल्या असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी मोठ्या ऐटीत फोन त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, "दाखव रे आत्याला तुझं शहर."

त्यानं दाखवलं. शहराच्या पार टोकाची वस्ती, जिथून बस वळून परत जाते. बैठी घरं, परसात टमाटे, कुंपणाआड कोंबड्या, दर फाटकामागं भुंकणारं कुत्रं आणि भिंतीला टांगलेल्या लाल मिरच्यांच्या माळा. एका घरासमोर बाकावर दोन म्हाताऱ्या येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळत बसलेल्या.

"वहिनी, हे तं आपल्या इकडचं तिगावच दिसून राहिलं," नणंदबाई म्हणाल्या. "याच्यासाठी इमानात कायले बसला तो?"

त्या दिवशी मी त्यांना दुसरा चहा विचारला नाही.

बाकावरच्या त्या दोन म्हाताऱ्यांतली एक त्याची घरमालकीण. एकटीच राहते, मागची खोली याला दिलेली. पोरगं आमच्या वळणाचं. घराबाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. तिथली भाषा थोडीशी येऊ लागली तसं त्यानं सकाळी कारखान्यात निघताना तिला तिच्या भाषेत सांगितलं, "येतो." तिला वाटलं, कोपऱ्यावर जाऊन आत्ता येईल. तिनं अंडी तळली, पाव कापला आणि वाट बघत बसली. हा उगवला संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी एकदा तिनं थंडगार अंड्यांची बशी त्याच्यापुढं आपटली आणि खोटं बोलणारा माणूस माझ्या घरात चालणार नाही, असं बजावलं. मग तो निमूट 'जातो' म्हणायला शिकला.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एका रविवारी फोन ठेवताना तो सहज म्हणाला, "बरं आई, जातो."

जिवंत, धडधाकट माणूस स्वतःच्या तोंडानं असं बोलतो का?

"येतो म्हण!" मी ओरडले. "आधी येतो म्हण, मंग ठेव फोन!"

"अवं आई, येतो म्हटलं की इथं म्हातारी अंडे तळते!"

मग त्यानं सगळं सांगितलं. ह्यांना हसून हसून ठसका लागला. मला काही हसू येईना. पोरगा आता तिथलाच होऊन जाणार, ही भीती मी आजवर कोणापाशी बोलले नव्हते, आणि 'जातो' हा शब्द नेमका त्या भीतीवरच येऊन पडला होता.

"दे त्या म्हातारीजवळ फोन," मी म्हटलं.

मी माझ्या बोलीत, ती तिच्या, मधे हा दुभाष्या. मी सांगितलं, "बाई, आमच्याकडं येतो म्हंजे जातोच असते. पण परत येणार हाये ना माणूस, म्हणून येतो म्हणते."

म्हातारी बराच वेळ काहीतरी बोलली. पोरगा अडखळत म्हणाला, "आई, तिचा पोरगा जातो म्हणून गेला होता म्हणते. मंग नाही आला. मले म्हणते, तू उद्यापासून येतोच म्हणत जाय."

मला एकदम रडू आलं. तिच्यासाठी की माझ्यासाठी, तेव्हा कळलं नाही. डोळे पुसून मी निरोप दिला, "तिले म्हण, अंडे मात्र संध्याकाळीच तळत जाय."

तेव्हापासून तो रोज सकाळी येतो म्हणून निघतो आणि संध्याकाळी बरोबर येतोही, तिच्या घरी.