डब्याची जाडी

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की आता टाळण्याचाही थकवा आलाय. सहा आठवड्यांपूर्वी परंड्याहून शमीमचा फोन आला... "चाचा, अब्बा गेले." अब्बा म्हणजे माझा मित्र बशीर.

उस्मानाबादेत आम्ही एका बाकावर शिकलो आणि साठच्या दशकात मुंबईजवळच्या एका अणुप्रयोगशाळेत एकाच टेबलाशी कामाला लागलो. युरेनियमचे बंद डबे न फोडता, बाहेर येणाऱ्या गॅमा किरणांवरून आत किती माल आहे ते ओळखायचं. म्हणजे कुणी काही काढून नेलं तर लगेच कळतं. कल्पना बशीरची. "कलिंगड कापून बघतो का आपण? थाप मारूनच वळखतो की," म्हणायचा. डबे तो भरायचा, मोजणी माझ्याकडं.

एकदा नव्या डब्यांत माल कमी दिसला. "पत्र्याची जाडी बघितलीस न्हवं?" बशीरनं विचारलं. मी "व्हय" म्हणालो. बघितली नव्हती. पत्रा जाड होता, किरण त्यातच अडत होते. हे माझ्या ध्यानात आलं तोवर डबे पुढं रवाना झाले होते, चौकशी बसली होती, आणि डबे भरणाऱ्यावर संशय होता. मी गप्प राहिलो. चोरी काही सिद्ध झाली नाही, पण बशीरला त्या खोलीत पुन्हा घेतलं नाही. राजीनामा देऊन तो परंड्याला शाळामास्तर झाला.

पुढं जाडीची दुरुस्ती कशी धरायची, यावर मी निबंध छापला. शाबासकी मिळाली. मग माफी मागायला परंड्याला गेलो. चहा ओतता ओतता बशीर म्हणाला, "तुझा निबंध वाचला. जाडीचं लई झ्याक मांडलंस." माझी मान वर होईना. "घे चहा. कुर्डुवाडीची बस चुकंल," तो म्हणाला. मी चहा प्यायलो आणि बस गाठली... पुन्हा गेलोच नाही.

परवा त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेलो. त्याची राहिली, निदान त्याच्या लेकीची माफी मागावी म्हणून. फातिहा पढून झाल्यावर शमीम शेजारी येऊन बसली.

"चाचा, अब्बांनी मुंबईची नोकरी का वो सोडली?"

मी हातातली टोपी घडी घालून खिशात ठेवली.

"हवा मानवली न्हाय त्याला, बेटा."

"अब्बा बी हेच सांगायचे," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी तरी..."