बारा इंचाचं गिऱ्हाईक

रझियानं आयुष्यात पहिल्यांदा ज्या पुरुषाचं माप घेतलं तो बारा इंच उंच होता, प्लॅस्टिकचा होता आणि त्याच्या अंगावर एका चड्डीखेरीज काही नव्हतं. तिला तो पाहताक्षणी आवडला नाही. पुढंही कधी आवडला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण खडकीत अजून काही शहाणे म्हणतात की बाहुल्यानं रझियाचं नशीब उघडलं. बाहुले कुणाचं नशीब उघडत नाहीत.

खडकी बाजारात तिच्या नवऱ्याचं, रहीम मास्तरांचं, पुरुषांचे कपडे शिवायचं दुकान होतं. दारूगोळा कारखान्यातल्या कारकुनाच्या पँटपासून लष्करातल्या साहेबाच्या कोटापर्यंत सगळं तिथं शिवलं जाई. रझिया मागच्या खोलीत, पडद्याआड बसे. आधी काजं करायची, मग अस्तर लावायला शिकली, आणि लग्नाला दहा वर्षं होईतो सगळं कटिंग तिच्याच हाती आलं. बाहेर रहीम टेप लावून मोठ्यानं आकडे सांगायचे, धाकटा भाऊ करीम ते वहीत लिहायचा, आणि वही पडद्याआड यायची. आकड्यांच्या शेवटी रहीम न चुकता एक शब्द जोडत: पाठ ताठ, नाहीतर पाठ वाकलेली. "छाती काय, टेप लावली की कुणीही फुगवतो," ते रझियाला सांगत. "पाठ फुगवता येत नाही. आधी पाठ बघायची."

एक्क्याण्णव साली रहीम गेले. चाळिसावा झाल्यावर रझिया दिराला म्हणाली, "उद्यापासून मी बाहेर बसते. कटिंग मीच करत होते, आता मापही घेईन."

करीमनं वर न बघता विचारलं, "गिऱ्हाइकाच्या छातीला टेप तुम्ही लावणार, भाभी? लोक कपडे शिवायला येतील की तमाशा बघायला?"

त्यानं रहीमची पिवळी टेप कटिंगच्या टेबलावरच्या खुंटीला अडकवली, पगारी कटर ठेवला आणि रझियाच्या वाट्याला काज-बटणं दिली. स्वतः करीमला कात्री धरता येत होती एवढंच. ते टेबल आणि ती टेप परत मिळवायची, यापलीकडे रझियाला काही नको होतं. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही, पण दुकानात पाऊल टाकलं की तिची नजर आधी खुंटीवर जाई.

घरी ती बायकांचे ब्लाउज शिवू लागली. तिच्याकडे येणाऱ्यांत हेमा होती. हेमाचे सासरे गोपाळकृष्णपंत कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. वारज्याला फ्लॅट घेतला तरी कपडे मात्र खडकीतच शिवायचे, असा त्यांचा हट्ट होता. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात हेमाच्या अमेरिकेतल्या दिरानं पुतणीसाठी, नीरजासाठी, तो बाहुला आणला. सोसायटीतल्या पोरींनी लगेच बाहुला-बाहुलीचं लग्न काढलं. बाहुली मैत्रिणीची, पैठणीच्या तुकड्यात नटलेली. आणि वरपक्षाचा नवरदेव चड्डीवर. गोपाळकृष्णपंतांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "हे बोहल्यावर निघालेत की टिळक टँकवर पोहायला?"

म्हणून हेमा त्याला रुमालात गुंडाळून रझियाकडे घेऊन आली. कोट हवा होता, दोन दिवसांत.

रझियानं त्याला दोऱ्यानं मोजलं. छाती पुढं, पोट नाहीच, पाठ पाटासारखी सरळ, केस रंगवलेले, आणि तोंडावर जन्मात कष्ट न केलेल्या माणसाचं हसू. हेमानं दिराकडून ऐकलेली त्याची कुळकथा सांगितली. अमेरिकेत आधी त्याची मैत्रीण, तीही बाहुलीच, बाजारात आली, एकोणसाठ साली. ती खपली, तशी लोकांनी कंपनीला पत्रं धाडली की हिला जोडीदार द्या. मग दोन वर्षांनी हा आला. ती डॉक्टर झाली, विमानात नोकरीला लागली, तिनं गाड्या फिरवल्या. हा तिच्या शेजारी उभा राहिला.

"म्हणजे घरजावई," रझिया म्हणाली.

दुसऱ्याच्या जिवावर उभा राहणारा एक पुरुष तिच्या सासरीही होता. त्या रागातच तिनं कोट कापला आणि तो असा बसला की लग्नात वधूकडं कुणी बघेना. रहीमनं शिकवलेलं सगळं तिनं त्या वीतभर कापडात ओतलं: आत कडक बकरम घालून ताठ केलेली कॉलर, खरी काजं, आत अस्तर.

मग रांगच लागली. वारज्याच्या पोरी, कर्वे रोडच्या पोरी, पुढं तुळशीबागेतला एक खेळणीवाला. कुणाला शेरवानी हवी, कुणाला जोधपुरी. त्या बाहुल्यानं पुण्यातल्या बापांची मात्र पंचाईत केली. पोरी त्याला बापाशेजारी उभं करून विचारू लागल्या, "बाबा, तुमचं पोट पुढं का?" एक लग्नाळू मुलगा तर बाहुलाच घेऊन करीमच्या दुकानात आला आणि म्हणाला, मला असा कोट द्या.

तोवर करीम मोहल्ल्यात सांगत फिरत होता की भाभी उघडा पुतळा मांडीवर घेऊन बसतात, घराण्याची अब्रू जाते. त्या मुलानं कोटाचं कौतुक केल्याबरोबर अब्रू परत आली. करीमनं रझियाच्या घरातून बाहुल्याचा एक तयार सूट उचलला, काचेच्या कपाटात टांगला आणि खाली पाटी लावली: 'आमची कटिंग'. रझिया जाब विचारायला गेली तर म्हणाला, "दुकान आमचं, मग कटिंग कुणाची?"

शहाण्णवमध्ये करीमचा कटर भांडून गेला. त्याच आठवड्यात गोपाळकृष्णपंत कापड घेऊन आले. मुलाकडे अमेरिकेला जायचं होतं. करीमनं माप घेतलं आणि संध्याकाळी रझियाच्या घरी आला. ती स्वयंपाकघरात होती. तिनं दारातून पाहिलं: करीमनं तिचा पत्र्याचा डबा उघडला, बाहुल्याच्या कोटाचा कागदी फरमा काढला आणि खिशात घातला. इंचाला सहा इंच धरून तो वाढवणार, हे तिला तिथंच कळलं. तो फरमा पाटासारख्या पाठीचा होता. गोपाळकृष्णपंतांनी पस्तीस वर्षं टेबलावर वाकून काढली होती. सांगायला हवं होतं का? हवं होतं. तिनं पोळी उलटली.

कोट व्हायचा तसाच झाला. पुढची बाजू त्यानं पोटाला पुरेल इतकी सोडली होती, पण मागची सगळी बाहुल्याची. कॉलर मानेपासून दोन बोटं सुटली आणि मागचा घेर कोंबडीच्या शेपटीसारखा वर गेला. गोपाळकृष्णपंतांनी आरशात शांतपणे पाहिलं. मग कपाटातल्या सुटाकडे बोट दाखवून विचारलं, "हा कुणी शिवला?"

"आमचीच कटिंग, साहेब."

"खोटं. माझ्या सुनेनं बाहुल्यासाठी जो कोट शिवून आणला होता, त्याचा हा भाऊ आहे. रझियाबाईंना बोलवा."

"साहेब, बायका पुरुषांचं माप घेत नाहीत आमच्यात."

"बाहुल्याचं घेतलं तेव्हा तुम्ही पाटी लावलीत. मीही तितकाच स्तब्ध उभा राहीन. बोलवा, नाहीतर हा कोट घालून मी बाजारभर फिरतो आणि शिंप्याचं नाव सांगतो."

करीमला जावं लागलं. रझिया पदराला हात पुसत आली. पाच वर्षांत पहिल्यांदा ती टेबलाच्या आतल्या बाजूला उभी राहिली. तिनं खुंटीवरची टेप काढली.

ती आधी गोपाळकृष्णपंतांच्या मागं गेली आणि पाठ नीट न्याहाळली. मग टेप लावली.

"बेचाळीस," ती म्हणाली. वही टेबलावर होती, पेन्सिल वहीवर. ती करीमकडे वळली. "छाती बेचाळीस. लिहायचं तुझं काम होतं ना? लिही."

करीमनं गोपाळकृष्णपंतांकडं पाहिलं, मग दारात थांबलेल्या दोन गिऱ्हाइकांकडं. पेन्सिल उचलली.

ती आकडे सांगत गेली, तो लिहीत गेला. शेवटचा आकडा झाला तसा त्यानं हात पुढं केला. "द्या टेप, भाभी. लावतो जागेवर."

रझियानं टेप गळ्यात घातली आणि टेबलावरचा खडू उचलला.

"अजून एक शब्द राहिलाय," ती म्हणाली. "लिही. पाठ वाकलेली."