न सांगता येणाऱ्या गरजा

निवृत्त झाल्यापासून मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतो. पाळक होतो तेव्हा वाटायचं, तिथं आळशी लोक बसतात. आता कळलं, तिथून पटकन बाहेर पडता येतं आणि दारात कुणाशी बोलावं लागत नाही. बायको गेल्यापासून घरी माझी वाट बघणारं कुणी नाही, तरी मी घाईनं निघतो.

कोल्हापुरात माझी सगळी सेवा एका नियमावर झाली: पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, राजकारण आणायचं नाही. हा नियम मी पुस्तकातून उचलला नव्हता. तरुणपणी महापालिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर मी संदेश देताना एका उमेदवाराला टोमणा मारला. त्यावर दोन घरं चर्च सोडून गेली ती कायमची. त्यातल्या एका घरची म्हातारी वारली, तिला मी दर आठवड्याला भेटायला जायचो, तरी मातीला मला बोलावलं नाही. ते फार लागलं. मग मी शहाणा झालो. कुणी देशात काय चाललंय यावर बोला म्हटलं की सांगायचो, पेपर घरी वाचा, इथं पवित्र शास्त्र वाचू. लोक माना डोलवायचे. मलाही ते वाक्य भारी आवडायचं.

माझा थोरला भाऊ आजऱ्याकडं आमच्या गावी असतो. वडिलांची भातशेती त्याच्याकडं आली आणि शिक्षण माझ्याकडं. गावात चर्च नाही. रविवारी संध्याकाळी त्याच्या सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत, चार-पाच घरची माणसं जमायची, गीतं म्हणायची, प्रार्थना करायची आणि चहा पिऊन उठायची. इतकी वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग धर्मांतराच्या कायद्याच्या बातम्या रोज यायला लागल्या, आणि एका रविवारी गावातलेच काही जण त्याच्या दारात येऊन उभे राहिले. मारहाण झाली नाही. त्यांनी ढोलकी अंगणात फेकली, कोण कोण आलंय ते मोबाइलवर टिपलं आणि पुन्हा जमलात तर बघा म्हणून बजावलं. पुढच्या रविवारी सोप्यात दादा आणि वहिनी दोघंच होती.

त्यानं मला फोनवर सगळं सांगितलं. रविवारी येतो म्हणाला. मी ते आमच्या चर्च कमिटीच्या सेक्रेटरींच्या कानावर घातलं. ते म्हणाले, पाळकसाहेब, उपासना मोबाइलवर लाइव्ह जाते, कोण कुठला तुकडा कापून फिरवेल सांगता येत नाही, आणि हा विषय राजकीय आहे. आज मी सगळं त्यांच्यावर ढकलू शकतो. पण त्यांनी काही म्हटलं नसतं तरी मी तेच केलं असतं. मी घाबरलो होतो.

आमच्या चर्चमध्ये दाराजवळच्या टेबलावर कोरे कागद असतात. ज्याला प्रार्थना हवी तो चिठ्ठी लिहून देतो, पाळक ती सर्वांना वाचून दाखवतो आणि प्रार्थना करतो. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाचा बारावीचा निकाल, कुणाचा व्हिसा. दादानं पहिल्या एसटीनं येऊन चिठ्ठी लिहिली: काय घडलं ते दोन ओळींत, गावाचं नाव, आणि खाली ‘मंडळीनं प्रार्थना करावी’. मग इस्त्रीच्या शर्टाचं गळ्यापर्यंत बटण लावून तो पुढून दुसऱ्या बाकावर बसला.

मी एकेक चिठ्ठी वाचत गेलो. त्याची हातात आली तेव्हा ती दुमडून शास्त्रात ठेवली आणि म्हणालो, “आणि ज्यांच्या गरजा सांगता येत नाहीत, प्रभू, त्यांचीही आठवण कर.” हे वाक्य आम्हा पाळकांना अडीनडीला कामी येतं. सगळे आमेन म्हणाले. मी डोळे उघडले, तर दादानं मिटलेच नव्हते. तो माझ्याकडंच बघत होता.

दारात त्यानं हात मिळवला, उपासना चांगली झाली म्हणाला आणि जेवायला न थांबता स्टँडकडं निघून गेला. बायकोनं मटण शिजवून ठेवलं होतं. संध्याकाळी तिनं एवढंच विचारलं, की लोकांच्या गुडघ्यांसाठी नाव घेऊन प्रार्थना होते, मग भावासाठी का नाही. मी तिला नियम समजावून सांगायला लागलो. ती उठून भांडी घासायला गेली.

कुणाला मत द्या हे पुलपिटावरून सांगू नये, असं मला आजही वाटतं. पण दादानं कुठं मत मागितलं होतं? राजकारण त्याच्या दारात आलं होतं, त्यानं ते आमच्याकडं आणलं नव्हतं. हे मला समजलं तोवर मी निवृत्त झालो होतो आणि बायकोही गेली होती. तिच्या मातीला दादा आला, मूठभर माती टाकली आणि परतला. त्यानंतर नाताळचा एक फोन, तोही मीच करायचा.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी चर्चला न जाता आजऱ्याची गाडी पकडली. वहिनी मुलीकडं गेली होती. दादा सोप्यात एकटाच शास्त्र उघडून बसला होता. त्याच्यासमोर बसलो आणि सांगून टाकलं, की मी चुकलो, मी भ्यालो, आता तरी मला प्रार्थना करू दे, गावाचं नाव घेऊन, घडलं ते सगळं सांगून. मी हात जोडले, डोळे मिटले.

“आता कशाला?” तो म्हणाला. “मला काय झालं ते मला म्हाईत हाय. देवालाबी म्हाईत हाय. तुझ्या त्या सगळ्या माणसांस्नी म्हाईत न्हवतं की. त्यांस्नी कळावं म्हणून आलतो मी.”

मी हात सोडले. ती माणसं आता माझं ऐकायला बसत नाहीत, असं मी त्याला सांगितलं. तो “व्हय” म्हणाला आणि चहा ठेवायला आत गेला.