सदाशिव पेठेतली खोली

कॉफी दळल्याचा वास आला की मला जोसेफ आठवतो. केनियाहून पुण्यात कॉम्प्युटर शिकायला आलेला हा माझा वर्गमित्र घरून आणलेल्या कॉफीच्या बिया रोज स्वतः दळायचा. त्याच्यासाठी आम्ही सदाशिव पेठेत खोली बघायला गेलो होतो. मालकांनी भिंतीवरचा, वडिलांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मिळालेला ताम्रपट अभिमानाने दाखवला.

"माझे आजोबाही इंग्रजांच्या तुरुंगात होते. तिथेच गेले," जोसेफ इंग्रजीत म्हणाला.

मालकांचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं, आणि आज मला तेच जास्त बोचतं. मग ते मला मराठीत म्हणाले, "खोलीचं मात्र नाही जमायचं. काळा माणूस ठेवला तर शेजारी काय म्हणतील?"

जिना उतरताना मी जोसेफला सांगितलं, "खोली आधीच गेलीय म्हणे."

"राहू दे," तो म्हणाला. "'काळा' हा शब्द मी पुण्यात सगळ्यांत आधी शिकलो."