तळवे पाहायची वेळ

शेवटच्या संध्याकाळी आम्ही एकमेकांचे तळवे पाहिले. बायको दिवाणावर पाय लांब करून बसली, मी खाली स्टुलावर. मी तिच्या तळव्यांवर बॅटरी मारली.

"काही दिसते?"

"भेगा आहेत. दोन पोते सिमेंट लागते."

"तुमच्या थोबाडात भरा ते."

मग जागा बदलली. तिनं माझा पाय मांडीवर घेतला, बोटांच्या सांदीत पाहिलं, टाच अंगठ्यानं दाबली आणि म्हणाली, "चोख आहे." मग भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली. रोज असंच चालायचं.

हे खूळ सिस्टरचं. हुडकेश्वरला आमच्या घराजवळ छोटा सरकारी दवाखाना आहे. तिथली सिस्टर म्हाताऱ्यांचा बीपी आणि शुगर पाहते. आम्हा दोघांनाही शुगर. मी चौथी शिकलेला गवंडी. जन्मभर सिमेंटच्या गाऱ्यात उभा राहिलो, तळवे बैलाच्या खुरासारखे झाले. याला काय होते, असं वाटायचं.

एकदा सिस्टर म्हणाली, "बाबाजी, डोळे मिटा. पायाले कापूस लागला की सांगा."

मी डोळे मिटले. बराच वेळ गेला. शेवटी म्हटलं, "लाव नं बाई, झोप येऊन राहिली."

बाजूला बायको फिदीफिदी हसली. सिस्टर तोवर चार-पाच जागी कापूस लावून बसली होती.

मी हसलो नाही. माझ्या मेव्हण्याचंही असंच झालं होतं. त्याला चप्पल चावली, पण दुखलं नाही म्हणून त्यानं पाहिलं नाही. पुढं धंतोलीच्या एका दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याखालून काढला. भेटायला गेलो तर चादर एका बाजूनं सपाट होती. तेव्हापासून पायाची धास्ती मनात बसली होती.

सिस्टर म्हणाली, "अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातही नाही. आणि रोज तळवे पाहायचे."

"कंबर वाकत नाही माझी. तळवे काय कपाळानं पाहू?"

"तुमचे आजी पाहतीन, आजीचे तुम्ही पाहा."

बायकोनं पाय लुगड्यात ओढून घेतले. "नवऱ्यानं पायाले हात लावला तर पाप कोणाले? मलेच नं?"

सिस्टरनं वाद घातला नाही, अडाणी म्हटलं नाही. हेच मला आवडलं. थोडा विचार करून म्हणाली, "हात नका लावू देऊ. बाबाजी बॅटरीनं दुरून पाहतीन."

हे पटलं. डॉक्टर गोळ्या लिहून मोकळा होतो. त्या पोटात कशा जातात, उपासाच्या दिवशी जातात की नाही, हे सिस्टरच विचारायची. गेलं की आधी पाय मागायची, मग बीपीसाठी हात. चार वर्षं आम्ही दोघं आपापल्या पायांनी भाजी आणायला गेलो. आमच्या वयात ही काही लहान गोष्ट नाही.

त्या संध्याकाळनंतरच्या सकाळी मी चहा मांडला, पण ती उठली नाही. झोपेतच गेली. हृदय थांबलं म्हणाले. पायाला काही झालं नव्हतं. शेवटपर्यंत दोन्ही पायांनी चालली, हे मी आल्यागेल्याला सांगतो.

आम्हाला मूलबाळ नाही, अग्नी मीच दिला. आमच्यात अग्नी देणारा दहा दिवस पायात काही घालत नाही. मीही घातलं नाही. घाटावर न्यायच्या आधी तिला अंगणात निजवलं होतं. तेव्हा मी तिचे दोन्ही तळवे हातात धरले. पहिल्यांदाच.

माझी धाकटी बहीण आली होती. म्हणाली, "दादा, काय पाहून राहिला?"

"पाय."

थंड होते. भेगा होत्या तेवढ्याच होत्या.

संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. माझे तळवे कोणी पाहिले नाहीत. मीही विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणावर बसलो तर समोर स्टूल रिकामं. तेव्हा आठवलं. तिचा कुंकू लावायचा लहान आरसा होता, तो जमिनीवर ठेवला, वर पाय धरला आणि बॅटरी मारली. टाचेत काळा ठिपका. बाभळीचा काटा होता, घाटावरचा, पुरा आत गेलेला. रात्रभर तो घेऊन झोपलो आणि मला पत्ता नाही.

मी चप्पल घातली. बहीण दारात आडवी झाली.

"सुतकात चप्पल? लोक काय म्हणतीन? वहिनीले काय वाटन?"

"ती असती तर हीच चप्पल फेकून मारली असती. सरक."

दवाखान्यात बातमी पोचली होती. सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं, चपलेकडं पाहिलं. काटा काढला, टाच धुतली, पट्टी बांधली.

"आजच आले, बरं केलं. दहा दिवस थांबले असते तर..."

"माहीत आहे, बाई."

"आजीनं कधी पाहिले होते तळवे?"

"परवा."

"चोख होते?"

"चोख."

तिनं माझा पाय लगेच खाली ठेवला नाही. मग म्हणाली, "रोज आरशात पाहा. परवा पट्टी बदलायला या, चप्पल घालूनच."

घरी आलो. बहीण ओट्यावर बसली होती, तोंड फुगवून, अनवाणी. तिलाही शुगर आहे, माझ्याहून जास्त.

"पाय दाखव वं," मी म्हटलं.

तिनं पाय लुगड्यात ओढले. "माझ्या पायाले तू हात लावशीन? मोठा भाऊ असून?"

"हात नाही लावत. बस."

मी आत जाऊन बॅटरी घेऊन आलो.