जागावाल्या काकांची बंद खोली

आमच्या प्रकाशनसंस्थेतले संगणक सांभाळणाऱ्या काकांना सगळे ‘जागावाले’ म्हणतात. साहित्य शिकून मी तिथे मुद्रितं तपासते. मला डिस्कमधलं ओ की ठो कळत नव्हतं. काकांनी समजावूनच सोडलं.

पूर्वी आमच्याकडे डिस्कचे कायमचे कप्पे होते. चित्रांचा तुडुंब, शेजारचा हिशेबाचा ओस. मालकांना तेच बरं वाटे. ज्याचं त्याला, भांडण नको. काका हट्टाला पेटले. सगळ्या डिस्कचा एकच साठा करायचा आणि गरजेप्रमाणे ज्याला त्याला द्यायचं. कमी पडलं तर साठ्यात नवी डिस्क जोडायची. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

“जागा काय कुणाच्या नावावर असते?” काका म्हणाले. मालक नमले.

त्याच सुमारास काकांची मुलगी तान्ह्या बाळासकट घरी आली ती राहायलाच. घरात दोन खोल्या. एकीत काका-काकू. दुसरीला कुलूप, आत काकांच्या बंद पडलेल्या डिस्क, वायरींचे गुंते, मेलेले मॉनिटर. मायलेकरं स्वयंपाकघरात झोपत. कुकरची शिट्टी झाली की बाळ दचकून उठे.

मी बाळ बघायला गेले, तेव्हा काकूंनी चहा पुढे करत शांतपणे विचारलं, “ऑफिसातल्या भिंती पाडल्यात म्हणे. ही एक कशी राहिली?”

काका डिस्कच्या शास्त्रावर आले. जागा वाढवणं सोपं, आकसवणं अवघड. काही रचना तर आकसतच नाहीत. आतलं सगळं आधी दुसरीकडे हलवावं लागतं, मग ती मोडून नव्याने मांडायची.

“मग हलवा ना दुसरीकडे,” काकू म्हणाल्या.

मुलगी पदराआड हसली. काकांनी छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“तू एकटीच राहतेस ना गं?”

मी हो म्हणाले. खरं तेच होतं.

आता बाळ त्या खोलीत हातपाय पसरून झोपतं. माझ्या खोलीत पलंगापासून टेबलापर्यंत अंग चोरून जावं लागतं. उशाशी एक मॉनिटर आहे. चार दिवसांसाठी आला होता.

परवा काका मालकांना रंगून सांगत होते: नवी डिस्क जोडली, घरात कुणाला पत्ताही लागला नाही. मी शेजारीच मुद्रितं तपासत होते. डिस्कला काय वाटतं, हे विचारायची पद्धत त्या शास्त्रात नसावी.